प्रिव्ह्यू गोठतो आहे: इमेजरीडरचे बफर वाढवून भागेल का?

भिंगरी
अँड्रॉइड, कॅमेरा२ (कॅमेरा चालवायचा एपीआय). एका कॅप्चर सेशनला दोन आउटपुट जोडली आहेत. एक सर्फेसव्ह्यू, स्क्रीनवर दिसण्यासाठी. दुसरा इमेजरीडर, कागदाच्या कडा शोधण्यासाठी: १२८० × ७२०, वाययूव्ही ४२०-८८८ (उजेडाचा वाय आणि रंगाचे यू, व्ही असे वेगळे प्लेन), मॅक्सइमेजेस (एका वेळी किती इमेज धरता येतात) ४. रिपीटिंग रिक्वेस्टमध्ये (कॅमेऱ्याकडे दर फ्रेमला जाणारी तीच मागणी) दोन्ही टार्गेट आहेत. कॅमेरा ३० एफपीएसवर (सेकंदाला ३० फ्रेम) बांधलेला.

ऑनइमेजअव्हेलेबल या कॉलबॅकमध्ये (नवी फ्रेम आली की चालणारं फंक्शन) अक्वायरनेक्स्टइमेज करून इमेज एका सिंगल थ्रेड एक्झिक्यूटरकडे (एका वेळी एकच काम करणारा कामगार) जाते. कडा शोधायला फ्रेममागे साधारण ५० मिलिसेकंद लागतात. काम झालं की इमेज क्लोज होते. मॅक्सइमेजेस संपल्याचं इलीगलस्टेटएक्सेप्शन आलं तर ते पकडून लॉगमध्ये टाकलं जातं, बस्स.

लक्षणं दोन. सुरुवातीपासूनच प्रिव्ह्यू अडखळत चालतो आणि कागदाभोवतीची हिरवी चौकट मागून रेंगाळत येते. नंतर कधीतरी, कधी दोन मिनिटांनी तर कधी वीस, प्रिव्ह्यू पूर्ण गोठतो. क्रॅश नाही, एएनआर (अॅप प्रतिसाद देत नसल्याचा इशारा) नाही. मॅक्सइमेजेस ८ केले की गोठायला जास्त वेळ लागतो, पण गोठतोच.

प्रश्न: बफर (फ्रेम ठेवायच्या मेमरीतल्या जागा) आणखी वाढवावेत का? आणि सर्फेसव्ह्यूचा इमेजरीडरशी संबंध नाही, मग तो का थांबतो?

चिंचगूळ
१६ करा, ३२ करा. फोनला १२ जीबी रॅम मग देतात कशाला? ;-)

सह्यकडा
चिंचगूळ, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आकडा वाढवला की गोठणं लांबतं, यातच निदान आहे. नुसता तुटवडा असता तर आकडा वाढवल्यावर प्रश्न मिटला असता, किंवा पहिल्या सेकंदापासून जसाच्या तसा राहिला असता. इथे तो पुढे ढकलला जातोय, म्हणजे काही बफर गेले ते परत आलेच नाहीत.

बफरक्यूमध्ये, म्हणजे बफरच्या रांगेत, प्रत्येक बफरचा फेरा ठरलेला असतो. फ्री असतो तेव्हा प्रोड्यूसर, म्हणजे इथे कॅमेरा, डीक्यूबफर करून तो उचलतो. त्यात लिहून क्यूबफर करतो. कन्झ्यूमर, म्हणजे इथे इमेजरीडर, अक्वायरबफर करून तो वाचायला घेतो आणि रिलीजबफर केलं की तो पुन्हा फ्री. तुमचा इमेज.क्लोज म्हणजे हे शेवटचं पाऊल. पिक्सेल कुठेही कॉपी होत नाहीत. ग्राफिकबफरचं हँडल प्रोड्यूसरला रिक्वेस्टबफरने एकदा मिळतं, त्यानंतर इकडून तिकडे फक्त स्लॉटचा क्रमांक आणि एक फेन्स (काम संपल्याचा सिग्नल देणारी खूण) जातो.

एकूण बफर किती, याचा हिशोब: कन्झ्यूमर एका वेळी जास्तीत जास्त किती धरू शकतो, अधिक प्रोड्यूसर किती धरू शकतो, अधिक असिंक मोड (प्रोड्यूसर न अडता लिहितो) असेल तर १. मॅक्सइमेजेस हा यातला फक्त पहिला आकडा. तो वाढवला म्हणजे रांग मोठी झाली नाही, तुम्हाला बफर दाबून बसायची परवानगी वाढली.

काळा_खडू
सोप्या भाषेत: सोड्याच्या काचेच्या बाटल्यांचा क्रेट. रिकाम्या बाटल्या दिल्याशिवाय भरलेला क्रेट मिळत नाही. घरी ठेवायला मोठी मोरी बांधली म्हणून दुकानदाराकडच्या बाटल्या वाढत नाहीत.

चिंचगूळ
अनामत किती बाटलीमागे?

सह्यकडा
दुसरा प्रश्न राहिला. सर्फेसव्ह्यूची रांग वेगळी आहे हे बरोबर. पण तुमची रिक्वेस्ट एकच आहे आणि तिला दोन टार्गेट आहेत. ती रिक्वेस्ट पुरी करायला कॅमेरा सर्व्हिसला दोन्ही स्ट्रीममधून एकेक बफर लागतो. इमेजरीडरकडे फ्री बफर नसेल तर तिथला डीक्यू अडतो, रिक्वेस्ट अडते, आणि तिच्याबरोबर प्रिव्ह्यूची फ्रेमही. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एडीबी शेलमध्ये (संगणकावरून फोनला आदेश देण्याची सोय) डम्पसिस मीडिया.कॅमेरा चालवा. प्रत्येक आउटपुट स्ट्रीमखाली डीक्यूबफर लेटन्सीचा हिस्टोग्राम असतो. ज्या स्ट्रीमचे आकडे उजवीकडच्या खणांत सरकलेत, तोच तुंबलाय. तुमच्याकडे तो इमेजरीडरचा निघेल.

मोजपट्टी
गोठणं आणि रेंगाळणं हे दोन वेगळे आजार दिसतात. रेंगाळण्याचा हिशोब सरळ आहे.

सेकंदाला ३० फ्रेम येतात, ५० मिलिसेकंदांच्या हिशोबाने २० निघतात. दर सेकंदाला १० शिल्लक. चारची मर्यादा अर्ध्या सेकंदाच्या आत भरते. त्यानंतरच्या कॉलबॅकमध्ये अक्वायर फसतं, पण ती फ्रेम टाकली जात नाही! ती क्यूड अवस्थेत तशीच पडून राहते. अशा पडून राहिलेल्या फ्रेमनी उरलेले बफर भरले की कॅमेऱ्याला लिहायला जागा नाही. मग एक इमेज क्लोज झाली की एक फ्रेम येते, आणि अख्खा कॅमेरा तुमच्या कडा शोधण्याच्या वेगाला, २० एफपीएसला येऊन बसतो. म्हणून प्रिव्ह्यू अडखळतो. एक्सेप्शनही थांबतात, त्यामुळे लॉग बघणाऱ्याला वाटतं सगळं सुरळीत झालं.

चौकट मागे का: अक्वायरनेक्स्ट नेहमी सगळ्यात जुनी फ्रेम देतं. एक्झिक्यूटरपाशी ४ आणि रांगेत समजा आणखी ४ अडकल्या, तर हातात येणाऱ्या फ्रेमपुढे ८ × ५० = ४०० मिलिसेकंदांची रांग आहे. मॅक्सइमेजेस ८ केलं तर हाच आकडा ६००. म्हणजे बफर वाढवून चौकट आणखी मागे पडली असणार. पडली ना?

भिंगरी
हो, ८ वर ती जास्तच मागे पडते.

आडवापट्टा
अक्वायरलेटेस्टइमेज वापरा, विषय संपला.

मोजपट्टी
@आडवापट्टा, अर्धाच संपला. अक्वायरलेटेस्ट आतून काय करतं? नवी इमेज घेतं, मिळाली तर हातातली जुनी क्लोज करतं, पुन्हा नवी घेतं, रांग संपेपर्यंत. एका क्षणी त्याच्या हातात दोन इमेज असतात. म्हणून मॅक्सइमेजेसमधून तुम्ही आधीच धरलेल्या वजा केल्यावर किमान २ उरायला हव्यात. एक इमेज कामात असेल तर मॅक्सइमेजेस किमान ३. दोनवर ठेवलं तर जुन्या फ्रेम गाळल्या जात नाहीत आणि लोक म्हणतात एपीआयमध्ये बग आहे.

आणि तेवढ्याने एक्झिक्यूटरची रांग रिकामी होत नाही. कॉलबॅक ३३ मिलिसेकंदांनी येतच राहणार, तुम्ही इमेज पुढे ढकलतच राहणार. कामगार मोकळा नसेल तर इमेज घ्या आणि तिथल्या तिथे क्लोज करा.

गडद_निळा
हे सगळं हाताने लिहायची हौस का? कॅमेराएक्सचं (कॅमेरा२ वरची सोपी लायब्ररी) इमेजअ‍ॅनालिसिस घ्या, स्ट्रॅटेजी कीप-ओन्ली-लेटेस्ट (फक्त सगळ्यात ताजी फ्रेम) ठेवा. डिफॉल्टच ती आहे.

सह्यकडा
चांगलं आहे, पण क्लोजची जबाबदारी तिथेही तुमचीच. इमेजप्रॉक्सी (कॅमेराएक्समधली इमेज) क्लोज केली नाही तर अ‍ॅनलायझरला पुढची फ्रेम येत नाही. एमएल किट (गूगलची चित्र ओळखणारी लायब्ररी) लावणाऱ्यांचा नेहमीचा घोळ: प्रोसेस हा कॉल लगेच परततो, काम मागे चालूच असतं, आणि पुढच्याच ओळीत इमेजप्रॉक्सी.क्लोज लिहिलेलं असतं. कामाच्या मध्यातच बफर पायाखालून जातो. क्लोज जायला हवं अ‍ॅडऑनकम्प्लीटलिसनरमध्ये (काम जमो वा फसो, शेवटी चालणारा). सक्सेसच्या लिसनरमध्येही नाही, नाहीतर पहिल्याच फेल्युअरला तुंबलं.

कॅशलाइन
मुळात इमेज ५० मिलिसेकंद धरूनच का ठेवायची? कडा शोधायला रंग लागत नाही, फक्त वाय प्लेन लागतो. १२८० × ७२० = ९,२१,६०० बाइट. कॉलबॅकमध्येच तो आपल्या अ‍ॅरेत कॉपी करा, इमेज लगेच क्लोज करा, अ‍ॅरे कामगाराला द्या. कॅमेऱ्याचा बफर तुमच्या अल्गोरिदमच्या वेगाशी बांधलेलाच राहत नाही.

आडवापट्टा
अरे पण झीरो-कॉपीसाठी तर हा एवढा घाट घातलाय ना? कॉपीच करायची तर बफरक्यू हवा कशाला?

कॅशलाइन
झीरो-कॉपी हे व्रत नाही, उद्यापन नाही केलं तर कोप होत नाही. ९ लाख बाइट × ३० म्हणजे सेकंदाला २७.६ एमबी. आजच्या कुठल्याही फोनच्या मेमरी बँडविड्थसमोर हे किस झाड की पत्ती. ४के आरजीबीए (पिक्सेलमागे ४ बाइट) असतं तर गोष्ट वेगळी: ३८४० × २१६० × ४ = ३,३१,७७,६०० बाइट एका फ्रेमला, ६० एफपीएसला जवळपास २ जीबी सेकंदाला. तिथे कॉपी टाळायलाच हवी. आणि चिंचगूळच्या ३२ बफरचा हिशोब तिथे लावला तर एक जीबीच्या वर जातो.

चिंचगूळ
माझे ३२ मागे घेतो. ३१?

मोजपट्टी
कॅशलाइनशी सहमत, पण कॉपी करताना एक खड्डा आहे. रोस्ट्राइड (एका ओळीच्या सुरुवातीपासून पुढच्या ओळीच्या सुरुवातीपर्यंतचे बाइट) ही रुंदीएवढीच असेल असं धरू नका. काही फोनवर १२८० ची ओळ तेवढीच असते, काहींवर ती पुढच्या संरेखनापर्यंत वाढवलेली असते. ओळीओळीने कॉपी करा: ओळ क्रमांक × रोस्ट्राइड या जागी जाऊन रुंदीएवढेच बाइट. चुकलं तर चित्र तिरकं फाटल्यासारखं दिसतं, प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत जाते.

आणि शेवटची ओळ. बफरची लांबी रोस्ट्राइड × उंची इतकी असेलच असं नाही. शेवटच्या ओळीनंतरचं पॅडिंग बऱ्याचदा नसतं. उंची × रोस्ट्राइड एका दमात वाचलं की बफरअंडरफ्लोएक्सेप्शन. यू आणि व्ही प्लेनला पिक्सेलस्ट्राइड (शेजारच्या दोन पिक्सेलमधलं बाइटचं अंतर) २ असेल तर आणखी गंमत: ६४० × ४८० च्या फ्रेमला यू प्लेनची लांबी १,५३,६०० नसून १,५३,५९९ येते, कारण शेवटचा बाइट व्हीचा.

उंबरठा
वाचतोय. अँड्रॉइडमध्ये निदान मालकी कोणाकडे हे स्पष्ट तरी आहे. आमच्याकडे लिनक्स डेस्कटॉपवर डीएमए-बफ (वेगवेगळ्या डिव्हाइसना वाटून वापरता येणारा बफर) घेऊन बसलं की कोणी कधी लिहायचं हेच कळत नाही. वेलँडमध्ये (अॅप आणि पडदा यांच्यातला डिस्प्ले प्रोटोकॉल) डब्ल्यूएल-बफरचा रिलीज आला तरी चित्र कधीकधी झळकतं, मागची फ्रेम क्षणभर दिसून जाते. हे का?

सह्यकडा
कारण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. बफर कोणाचा, हा एक. त्यावरचं जीपीयूचं काम संपलं का, हा दुसरा. बफर हस्तांतरित होताना जीपीयू अजून त्यात लिहीत किंवा त्यातून वाचत असू शकतो. सीपीयूने वाट बघत बसणं परवडत नाही, म्हणून फेन्स.

अँड्रॉइडमध्ये फेन्स उघड असतो. क्यूबफरबरोबर अक्वायर फेन्स जातो: हा सिग्नल होईपर्यंत वाचू नको. रिलीजबरोबर उलटा येतो: हा सिग्नल होईपर्यंत लिहू नको. डीक्यू झाला म्हणजे बफर रिकामा झाला असं नव्हे, सोबतच्या फेन्सची वाट बघावीच लागते. फाइल डिस्क्रिप्टर -१ आला तर थांबायची गरज नाही.

लिनक्स डेस्कटॉपवर परंपरा इम्प्लिसिट सिंकची. फेन्स डीएमए-बफलाच कर्नलच्या आत चिकटलेले असतात, ड्रायव्हरने ते निमूट पाळायचे. सगळ्यांनी पाळले तर छान. एनव्हिडियाचा ड्रायव्हर ही प्रथा तशी पाळत नसे, म्हणून एक्सवेलँडवर (वेलँडवर जुनी एक्स११ अॅप चालवणारा थर) जुन्या फ्रेम झळकायच्या. २०२४ मध्ये वेलँडचा लिनक्स-डीआरएम-सिंकऑब्ज प्रोटोकॉल आला, त्यात अक्वायर आणि रिलीज पॉइंट उघडपणे देता येतात. ५५५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियालाही तो चालतो. दोन्ही जगांना जोडायचं असेल तर कर्नल ६.० पासून डीएमए-बफमधून सिंक-फाइल (फेन्स धरणारी फाइल) काढायचा आणि आत घालायचा आयओसीटीएल (ड्रायव्हरला द्यायचा आदेश) आहे.

तिरकस
म्हणजे इतकी वर्षं एनव्हिडियावाले म्हणत होते की चूक जगाची आहे, आणि शेवटी जगानेच प्रोटोकॉल बदलला. मानलं.

सह्यकडा
उघड सिंक तांत्रिकदृष्ट्या सरसच आहे, व्हल्कन हा ग्राफिक्स एपीआयही त्याच वाटेने जातं. त्यामुळे या भांडणात मी कुंपणावर.

उंबरठा
आणि बफर किती ठेवायचे? दोन पुरतात असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं.

सह्यकडा
शेअर्ड मेमरीचे बफर, म्हणजे डब्ल्यूएल-एसएचएम, असतील तर बहुधा पुरतात. कम्पोझिटर (सगळ्या खिडक्या जुळवून पडद्यावर मांडणारा प्रोग्राम) मजकूर टेक्स्चरमध्ये चढवतो आणि बफर लगेच सोडतो. डीएमए-बफ थेट डिस्प्लेवर स्कॅनआउटला गेला की एक पडद्यावर, एक पुढच्या व्हीब्लँकसाठी (पडद्यावरची फ्रेम बदलण्याचा क्षण) रांगेत, आणि तुम्हाला लिहायला तिसरा. मेसा या लिनक्सच्या ग्राफिक्स लायब्ररीची वेलँड ईजीएल (रेखाटन खिडकीशी जोडणारा एपीआय) चारपर्यंत जाते. त्याच्या वर जावंसं वाटलं तर आधी रिलीज का येत नाही ते शोधा. फिरून गंगावेशीत.

कॅशलाइन
डीएमए-बफ सीपीयूने वाचणाऱ्यांसाठी. एममॅप (बफर आपल्या प्रोसेसच्या मेमरीत दिसेल असं जोडणं) केल्यावर वाचण्याआधी डीएमए-बफ सिंकचा आयओसीटीएल स्टार्ट आणि रीड झेंड्यांसह, वाचून झाल्यावर तोच एंडसह. एक्स८६ वर विसरलात तरी बहुतेक वेळा खपून जातं. ज्या आर्म बोर्डवर डिव्हाइस आणि सीपीयूची कॅश आपोआप जुळत नाही तिथे खपत नाही.

ओळखायचं कसं: चित्रात मधूनच जुन्या फ्रेमचे छोटे आडवे तुकडे दिसतात, सगळे सारख्याच लांबीचे. कॅश लाइन ६४ बाइटची असेल तर आरजीबीएमध्ये प्रत्येक तुकडा बरोबर १६ पिक्सेलचा, आणि त्याची सुरुवातही १६ च्या पटीत. झूम करून पिक्सेल मोजा. १६ आले तर कॅश. चौकोनी ठोकळे विस्कटलेले दिसले तर कॅश नाही, मॉडिफायर चुकलाय: बफर टाइल्ड किंवा एएफबीसी या आर्मच्या कॉम्प्रेशनने दाबलेला आहे आणि तुम्ही तो सरळ ओळींचा समजून वाचताय.

गडद_निळा
१६ पिक्सेलची युक्ती लिहून ठेवली. धन्यवाद.

नागमोडी
व्ही४एल२ (लिनक्सचा कॅमेरा-व्हिडिओ एपीआय) वाल्यांसाठी पुरवणी. बाहेरचे डीएमए-बफ आयात करताना कुठला बफर कुठल्या इंडेक्सला द्यायचा ही जोडी एकदा ठरवा आणि मोडू नका. त्याच इंडेक्सवर तोच बफर पुन्हा आला तर ड्रायव्हर आधीचं मॅपिंग वापरतो. दर वेळी वेगळा दिला तर जुनं सोडून नवं मॅपिंग, प्रत्येक फ्रेमला. सगळं चालतं, फक्त सीपीयू विनाकारण तापतो आणि प्रोफाइलरमध्ये आयओएमएमयूची (डिव्हाइससाठी मेमरीचे पत्ते जुळवणारा भाग) फंक्शन वर येतात.

तुंबडी
फेन्सचा विषय निघालाच आहे तर डिस्क्रिप्टरच्या (एफडी, म्हणजे उघड्या फाइलचा क्रमांक) गळतीबद्दल. प्रत्येक फेन्स म्हणजे एक उघडी फाइल. फ्रेममागे एक बंद करायचा राहिला तर ६० एफपीएसला डेस्कटॉपची १,०२४ ची नेहमीची मर्यादा १७ सेकंदांत संपते. अँड्रॉइडवर ३२,७६८ असेल तर नऊ मिनिटं. त्यानंतर पडतं ते भलतंच काहीतरी: सॉकेट उघडत नाही, फाँट सापडत नाही, आणि चौकशी नेटवर्कवाल्यांची होते. प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरमधल्या एफडीच्या यादीत सिंक-फाइल किती आहेत ते मोजलं की लगेच कळतं.

याची उलटी बाजू जास्त वाईट. ईजीएल सिंक बनवताना किंवा व्हल्कन सेमाफोरमध्ये सिंक-एफडी आयात करताना कॉल यशस्वी झाला की डिस्क्रिप्टरची मालकी ड्रायव्हरकडे जाते. तुम्हीही तो क्लोज केलात तर तोवर तोच क्रमांक दुसऱ्या कुठल्या फाइलला मिळालेला असू शकतो, आणि तुम्ही ती बंद करता. अँड्रॉइड १० पासून एफडीसॅन (डिस्क्रिप्टरची मालकी तपासणारी सोय) हे पकडतो, ११ पासून प्रोसेसच मारतो. मारतो तेच बरं.

आणखी एक: ईजीएलकडून फेन्सचा एफडी मागण्याआधी जीएलफ्लश (साठलेल्या कमांड जीपीयूकडे पाठवणं). कमांड रांगेतून पुढे गेल्याच नसतील तर एफडी -१ येतो, आणि वर सांगितलेल्या नियमाने समोरचा -१ म्हणजे थांबायची गरज नाही असं समजतो. अर्धवट रंगलेली फ्रेम पडद्यावर.

अर्धविराम
विंडोजवाल्यांनी काय घोडं मारलंय? डीएक्सजीआय कीड म्यूटेक्स (दोघांनी एकच बफर आळीपाळीने वापरायचं कुलूप): दोन्ही बाजूंनी अक्वायरसिंक आणि रिलीजसिंकच्या किल्ल्या उलटसुलट जुळायला हव्यात. एकाने ०ने घेऊन १ने सोडायचं, दुसऱ्याने १ने घेऊन ०ने. आणि टाइमआउट झाला तर परत येणारी किंमत २५८ असते, ऋण नाही. फेल्ड मॅक्रोला ती यशस्वीच वाटते. मग बफर मिळालाय असं समजून मंडळी रंगवत सुटतात. टाइमआउट वेगळा तपासा.

आडवापट्टा
धागा कॅमेऱ्याचा होता. भिंगरीताई हरवल्या वाटतं.

भिंगरी
हरवले नाही, सगळं वाचतेय. ताई नको, नुसतं भिंगरी चालेल. डम्पसिसमध्ये इमेजरीडरच्या स्ट्रीमचा हिस्टोग्राम सह्यकडा म्हणाले तसाच उजवीकडे कललेला आहे. अक्वायरलेटेस्ट आणि व्यस्त असताना क्लोज हे बदल केल्यावर प्रिव्ह्यू ३० वर आला, चौकटही जवळ आली.

गोठणं मात्र तसंच आहे. कामाचा सांगाडा असा: एक्झिक्यूटर.सबमिट, आत वाय प्लेन घ्या, कडा शोधा, चार कोपरे क्रमाने लावा, यूआयला पाठवा, इमेज.क्लोज, व्यस्त झेंडा (कामगार कामात आहे हे सांगणारा) खाली. मध्ये कुठेही रिटर्न नाही. लॉगमध्ये एकही एक्सेप्शन नाही.

तुंबडी
सबमिट! सापडलं बहुतेक.

एक्झिक्यूटर.सबमिट आतलं एक्सेप्शन फ्युचरमध्ये (कामाचा निकाल धरणारा ऑब्जेक्ट) ठेवून देतो. त्या फ्युचरवर कोणी गेट करत नाही, त्यामुळे ते कुणालाच दिसत नाही. लॉग स्वच्छ, थ्रेड जिवंत. एक्झिक्यूट वापरलं असतं तर अ‍ॅप धाडकन पडलं असतं आणि पहिल्याच दिवशी समजलं असतं. चार कोपरे क्रमाने लावणाऱ्या फंक्शनला तीनच कोपरे आले तर काय होतं? इंडेक्स बाहेर जातो, क्लोजची ओळ गाठलीच जात नाही. कागद कधी कसा धरला जातो त्यावर हे अवलंबून, म्हणून कधी दोन मिनिटं, कधी वीस. जुन्या कोडमध्ये चार वेळा असं झालं की चारही इमेज अडकल्या. ८ केल्यावर आठ वेळा व्हावं लागतं, म्हणून उशीर.

मोजपट्टी
आणि आता व्यस्त झेंडाही त्याच ओळीखाली आहे. एकदाच फसलं तरी झेंडा वरच राहतो. पण येणाऱ्या फ्रेम लगेच क्लोज होत असल्याने प्रिव्ह्यू चालूच राहील, फक्त चौकट कायमची थिजेल. भिंगरी, गोठतंय ते आता प्रिव्ह्यू की चौकट?

भिंगरी
चौकट! प्रिव्ह्यू चालू आहे. नीट बघितल्यावर फरक लक्षात आला.

गडद_निळा
जीसी (न वापरातली मेमरी गोळा करणारा) ती अडकलेली इमेज का उचलत नाही? फायनलाइजमध्ये (ऑब्जेक्ट नष्ट होण्याआधी चालणारं फंक्शन) क्लोज आहे ना?

सह्यकडा
आहे, पण अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये इमेजरीडर स्वतःच घेतलेल्या इमेजेसची यादी धरून बसतो. रीडर जिवंत तोवर इमेजही जिवंत, फायनलाइजची वेळच येत नाही. जीसीच्या भरवशावर राहायचंच नाही. ३३ मिलिसेकंदांत बफर हवा असतो, जीसीला कसली घाई.

कॅशलाइन
तर शेवटची मांडणी, कॉपीचा मार्ग धरून:

मॅक्सइमेजेस २ पुरे, कारण कॉलबॅक संपताना हातात एकही इमेज उरत नाही. कॉलबॅकमध्ये अक्वायरलेटेस्ट, नल आला तर परत. झेंडा कम्पेअरअँडसेटने (खाली असेल तरच, एका दमात) वर करायचा प्रयत्न. जमलं नाही तर इमेज क्लोज आणि परत. जमलं तर ट्रायमध्ये वाय प्लेन ओळीओळीने, आधीच बनवून ठेवलेल्या एकाच अ‍ॅरेत. फायनलीमध्ये इमेज.क्लोज. कॉपी फसली तर झेंडाही तिथेच खाली.

मग एक्झिक्यूट, सबमिट नाही. कामाचा पूर्ण मजकूर ट्रायमध्ये, झेंडा खाली करणं फायनलीमध्ये. एक्झिक्यूटर बंद होत असताना काम नाकारलं जातं, ते रिजेक्टेडएक्झिक्यूशन पकडून तिथेही झेंडा खाली. अ‍ॅरे एकच चालतो, कारण झेंडा खाली आल्याशिवाय त्यात कोणी लिहीत नाही. तीन कोपऱ्यांचा इलाज अर्थात वेगळा करावा लागेल.

कॉपी नकोच असेल तर मॅक्सइमेजेस ३, आणि इमेज.क्लोज कामाच्या फायनलीमध्ये, झेंड्याच्या आधी. क्रम उलटा केला तर झेंडा खाली आणि क्लोज यांच्या मधल्या फटीत नवा कॉलबॅक येऊन दोनाची मोकळीक एकावर येते.

भिंगरी
कॉपीचाच मार्ग घेते. एक्झिक्यूट केल्यावर लगेच पडलं: कोपरे तीन, इंडेक्स ३. तुंबडी, शाबास!

आता अ‍ॅप मागे जाताना बंद करण्याचा क्रम काय असावा?

तुंबडी
आधी स्टॉपरिपीटिंग, मग सेशन आणि कॅमेरा क्लोज, मग एक्झिक्यूटर शटडाउन करून हातातलं काम संपेपर्यंत थांबा, सगळ्यात शेवटी इमेजरीडर.क्लोज. कॉपीच्या मार्गात रीडर थोडा आधी गेला तरी निभतं, पण कॉपी न करता जेएनआयमधून (जावातून सी++ गाठायची वाट) थेट पत्ता घेऊन सी++ मध्ये वाचत असाल तर रीडर बंद होताच तो पत्ता निकामी होतो. जावाच्या बाजूने एक्सेप्शन येतं, सी++ च्या बाजूने थेट सेगफॉल्ट. कॉलबॅक ज्या हँडलरथ्रेडवर येतो तो क्विटसेफली करा, आणि तोही रीडर बंद करण्याआधी.

चिंचगूळ
म्हणजे अखेर उत्तर २. मी ३२ म्हणालो होतो, फक्त ३० ने चुकलो.